नाशिक: गच्चीसाठी चांगला गॅस बार्बेक्यू कोणता घ्यावा?

आनंदवल्लीकर:
नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आनंदवल्लीत आमचं घर आहे, वर मोकळी गच्ची. गेली सहा वर्षं थंडीतल्या रविवारी कोळशाची शेगडी पेटवतो. आता बाबांना दम्याचा त्रास सुरू झालाय आणि कोळसा फुलेपर्यंतचा धूर त्यांना सोसत नाही. गेल्या वर्षी ते खालीच बसून राहिले, ताट मी खाली नेऊन दिलं. ते पुन्हा व्हायला नको, म्हणून गॅसवर जायचं ठरवलंय.

घरात सहा माणसं. आई शाकाहारी, बाकीचे सगळं खातात. बजेट ६० हजारांपर्यंत, पण घ्यायचा तो निदान दहा वर्षं टिकावा. एका दुकानात चार बर्नरचा, चकचकीत स्टेनलेसचा पाहिला, ३८ हजार सांगितले. दुसरा ओतीव ॲल्युमिनियमचा, दोन बर्नरचा, दिसायला लहान, ५५ हजार. तिसरा पर्याय चुलतभावाचा. तो अमेरिकेतून बिऱ्हाड हलवून परत येतोय, त्याचा तीन बर्नरचा ग्रिल कंटेनरमधून येऊ शकतो. त्यावर ताशी ३०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असं लिहिलंय. तो आपल्या सिलिंडरवर चालेल का? आणि चार बर्नरवाला स्वस्त कसा, दोन बर्नरवाला महाग कसा?

अंबडचा_फॅब्रिकेटर:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझा रोजचा संबंध पत्र्याशीच आहे. बर्नर किती ते मोजू नका. झाकण हातात धरून उचलून बघा. पातळ पत्र्याचं, एकपदरी झाकण असेल तर आतली उष्णता लगेच बाहेर जाते आणि ती भरून काढायला चौथा बर्नर लावावा लागतो. ओतीव ॲल्युमिनियमची जाड पेटी गंजत नाही आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरवते. वेबर कंपनीचा क्यू १२०० बघा: एक बर्नर, ताशी ८,५०० बीटीयू, जाळी १८९ चौरस इंच, म्हणजे चौरस इंचाला साधारण ४५ बीटीयू. त्यांच्याच स्पिरिट टू ई-३१० ला तीन बर्नर, ३०,००० बीटीयू आणि मुख्य जाळी ४२४ चौरस इंच, म्हणजे ७१ च्या आसपास. आकड्यात एवढा फरक असूनही लहान ग्रिल काम नीट करतो, कारण पेटी ओतीव आहे आणि झाकण जाळीच्या जवळ बसतं.

आता स्टेनलेस. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, चिकटला नाही की म्हणेल ३०४ आहे, म्हणजे चांगला ग्रेड. यावर विसंबू नका. ४३० ग्रेडला चुंबक चिकटतो हे खरं, पण आपल्या बाजारात २०० सीरिजचा माल भरपूर आहे आणि २०२ लाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. पावसाळ्यानंतर तपकिरी ठिपके उठतात ते बहुतेक यालाच. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे तपासायच्या द्रावणाची बाटली असते. थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ वर तो लाल होतो. दुकानात असं करू देणार नाहीत, म्हणून बिलावर ग्रेड लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बाहेरच्या चकाकीपेक्षा बर्नरच्या नळीचा ग्रेड आणि जाडी महत्त्वाची, कारण सगळ्यात आधी तीच जाते. म्हणून दुकानात एकच प्रश्न ठामपणे विचारा: बर्नर, जाळी आणि बर्नरवरच्या पन्हाळ्या (ज्योतीवर झाकण धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) सुट्या मिळतात का, आज, किमतीसकट? मी चार वर्षांपूर्वी एक ग्रिल घेतला होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मधली नळी कुजली आणि ती कुठेच मिळाली नाही. बाकी सगळा धड असलेला ग्रिल भंगारात गेला. अजून वाईट वाटतं.

आनंदवल्लीकर:
फार उपयोगी. चार बर्नरवाल्याचं झाकण मी एका बोटाने उचललं होतं, आता लक्षात आलं. अमेरिकेच्या ग्रिलचं काय?

अंबडचा_फॅब्रिकेटर:
चालू शकतो, पण समजून. अमेरिकेतले घरगुती ग्रिल ११ इंच पाण्याच्या दाबावर चालतात, म्हणजे सुमारे २७ मिलिबार. आपला घरगुती रेग्युलेटर ३० च्या आसपास देतो. दाब जवळपास सारखाच, म्हणून जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलायची गरज सहसा पडत नाही. तिकडे सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, आपल्याकडे ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण. त्यामुळे ज्योतीचं टोक थोडं पिवळं दिसेल. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असते, ती किंचित उघडली की ज्योत निळी होते.

अडचण जोडणीची. त्यांच्या रेग्युलेटरला आटे असतात, तो आपल्या सिलिंडरच्या २२ मिमी व्हॉल्व्हवर बसतच नाही. तो रेग्युलेटर पूर्ण काढायचा, ग्रिलच्या बाजूला पितळी जोड बसवायचा आणि आपला घरगुती रेग्युलेटर, आपली नारिंगी सुरक्षा नळी लावायची. हे काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. एकापुढे एक दोन रेग्युलेटर लावू नका. आणि हॉटेलच्या भट्टीला लावतात तो हाय प्रेशर रेग्युलेटर कोणी कितीही आग्रह केला तरी नको.

३०,००० बीटीयू म्हणजे ८.८ किलोवॅट, सगळे बर्नर पूर्ण सोडले तर तासाला साधारण ७०० ग्रॅम गॅस. १४.२ किलोची टाकी वीस तास. तुमचा रेग्युलेटर तासाला एवढा गॅस देतो का, हे एजन्सीत विचारून घ्या. कमी पडत असेल तर तिन्ही बर्नर लावल्यावर ज्योत मलूल होईल. ग्रिल युरोपातून येत असता तर मी नाही म्हटलं असतं. तिथे बऱ्याच ठिकाणी ३७ किंवा ५० मिलिबारचे ग्रिल असतात, जेटची भोकं लहान, आपल्या दाबावर आच कमी पडते.

सातपूर_गृहिणी:
वरच्या दादांनी यंत्राचं सांगितलं, मी स्वयंपाकाचं सांगते. आमच्याकडे पाच वर्षं गॅसचा ग्रिल आहे. घेताना जाळीचे दोन स्वतंत्र भाग आहेत का ते नक्की बघा. तुमच्या आईंसाठी अर्धी जाळी वेगळी ठेवता येते, उचलून वेगळी घासता येते. आमच्या सासूबाईंसाठी मी शाकाहाराची बिडाची जाळी वेगळीच आणली, त्या जाळीवर फक्त पनीर, कणसं आणि वांगी ठेवते. त्या आता निर्धास्त जेवतात. चिमटे आणि ब्रशही वेगळे ठेवा.

झाकणाचा खरा उपयोग वांग्याला. घरच्या शेगडीवर वांगं बाहेरून करपतं आणि देठाशी कच्चं राहतं. इथे एक बर्नर मोठा ठेवून वांगं आधी सगळीकडून काळं करायचं, मग बंद बर्नरच्या बाजूला सरकवून झाकण लावायचं, वीस मिनिटं. आतून लोण्यासारखं होतं. माझं माहेर जळगावचं, तिथे भरताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. तो वास गॅसला नाही, हे मान्य. पण मऊपणा तोच येतो. काळ्या मसाल्याचे कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्याही मी आता वर्षभराच्या एकदम ग्रिलवरच भाजते. घरात खाट होत नाही.

म्हणून दोन बर्नर तरी हवेतच, एक चालू आणि एक बंद ठेवता आला पाहिजे. चार लागत नाहीत. तंगडी जाड असते, ती अशीच बंद बाजूला शिजवायची आणि काट्याचा थर्मामीटर हाडाजवळ खुपसून ७४ अंश बघायचं. झाकणावरचा काटा झाकणाजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीचं नाही.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी मध्यम आचेवर सगळ्या जाळीभर ब्रेडचे स्लाइस मांडा आणि दोन-तीन मिनिटांनी उलटून बघा. कुठे जास्त तापतं, कुठे कमी, सगळा नकाशा समोर येतो.

दिंडोरीचा_बागायतदार:
धुराचा स्वाद हवा असेल तर द्राक्षाच्या काड्या वापरा, आपल्या जिल्ह्यात काय तोटा! लोखंडी डबीत घालून बर्नरवर ठेवायच्या. पण एक सांगतो, एप्रिलच्या खरड छाटणीच्या किंवा ऑक्टोबर छाटणीच्या ताज्या काड्या घेऊ नका. त्यांच्यावर हंगामभर बोर्डो मिश्रणापासून कितीतरी फवारण्या झालेल्या असतात. जुनी बाग उपटतात तेव्हाचं जाड खोड घ्या, साल पूर्ण तासा, आतलं लाकूड उन्हात पूर्ण वाळवा. एवढी खटपट नको असेल तर आंब्याचं किंवा पेरूचं सुकं लाकूड चांगलं.

सातपूर_गृहिणी:
दादा, माहिती चांगली आहे, पण त्यांच्या वडिलांना दमा आहे. त्यांच्या घरी धुराची डबी नकोच.

आणि आनंदवल्लीकर, गॅस घेतला म्हणजे धूर संपला असं धरून चालू नका. चरबी आणि मसाल्याचं तेल तापलेल्या पन्हाळीवर पडलं की धूर होतोच, आणि त्यानेही खोकला येतो. माझ्या अनुभवातून सांगते: मॅरिनेशनला तेल अगदी कमी, जाळीवर ठेवण्याआधी जादा मसाला निथळून घ्यायचा, चिकन जास्त वेळ बंद बर्नरच्या बाजूला. मागच्या वेळचं जळकं रिकामा ग्रिल दहा मिनिटं तापवून घासून काढायचं, आणि हे बाबा वर यायच्या आधी. त्यांची खुर्ची वारा येतो त्या बाजूला. तेलाचा ट्रे दर वेळी रिकामा. ट्रेमध्ये आग लागलीच तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण लावायचं.

इंदिरानगर_४२२००९:
आमच्याकडे एमएनजीएलची (महाराष्ट्र नॅचरल गॅस) घरगुती गॅसची पाइपलाइन आली आहे. त्यावर ग्रिल चालतो का? सिलिंडर वर चढवायचा त्रास वाचेल.

अंबडचा_फॅब्रिकेटर:
एलपीजीचा ग्रिल तसाच नाही चालणार. पाइपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, दाब २१ मिलिबार, त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. ग्रिलच्या कंपनीचा त्यासाठीचा संच असेल तरच बदला. कोणी ड्रिलने भोक मोठं करून देतो म्हणाला तर नको. गच्चीपर्यंतची लाइनही गॅस कंपनीच्या माणसांकडूनच.

गोदाकाठ:
सुरक्षेचं कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. पेटवताना झाकण उघडंच हवं. मी एकदा झाकण बंद ठेवून बटण दाबलं, पेटलं नाही, पुन्हा दाबलं. आत साठलेला गॅस एकदम भडकला, भुवया आणि मनगटावरचे केस गेले. मुलगी शेजारी उभी होती, तिला काही झालं नाही हे नशीब. पाच सेकंदांत पेटला नाही तर गॅस बंद, पाच मिनिटं थांबायचं.

एलपीजी हवेपेक्षा जड. गच्चीला भरीव कठडा असेल तर गळालेला गॅस खालीच साचतो आणि जिन्याच्या दारातून घरात उतरतो. म्हणून टाकी जिन्यापासून लांब आणि नेहमी उभी. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, ग्रिलच्या गरम तळाला टेकायला नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. टाकी जोडली की दर वेळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. वास आला तर १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

पावसाळ्यात नुसतं प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, आत ओल धरते. आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या बाटली घासायच्या ब्रशने साफ करा. कोळी आत जाळी करतात, मग गॅस मागे उलटतो आणि बटणांजवळ पेट घेतो.

आनंदवल्लीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा दोन्ही दुकानांत जाऊन आलो. चार बर्नरवाल्याने बिलावर ग्रेड लिहायला नकार दिला, आणि बर्नर सुटे मिळत नाहीत, "पूर्ण ग्रिल बदलून घ्या" म्हणाला. तो बाद. ओतीव ॲल्युमिनियमवाल्याने बर्नरची आणि जाळीची किंमत छापील यादीतून दाखवली, जाळीचे दोन भाग वेगळे निघतात, आणि तो आपल्याच घरगुती रेग्युलेटरसाठी बनवलेला आहे. चुलतभावाशीही बोललो. त्याच्या ग्रिलचा तळ तीन हिवाळे बर्फात राहून गंजलाय, म्हणून तो तिकडेच कोणाला तरी देतोय.

दोन बर्नरवाला घेतोय. आईसाठी बिडाची वेगळी जाळी त्याच दुकानातून. एक शेवटचा प्रश्न: आमच्या गच्चीला जिना उत्तरेकडे आहे आणि थंडीत संध्याकाळी वाराही तिकडूनच येतो. ग्रिल कुठे ठेवू?

गोदाकाठ:
दक्षिणेच्या कोपऱ्याकडे, कठड्यापासून तीन फूट सोडून. पाठ उत्तरेला नको, नाहीतर वारा मागच्या फटीतून शिरून आच समोर ढकलतो. ग्रिल आडवा, पूर्व-पश्चिम तोंड करून ठेवा. टाकी तुमच्या उजव्या हाताला, वाकून लगेच बंद करता येईल अशी. बाबांची खुर्ची जिन्याच्या बाजूला. वारा त्यांच्याकडून ग्रिलकडे जाईल आणि दम लागलाच तर खाली उतरायलाही जवळ पडेल.