‘वरून आदेश’ हे कारण चालत नाही

‘वरून आदेश आला तर खालचा अधिकारी परवाना रद्द करणारच, त्यात बेकायदा काय,’ हे पटलं नाही. कायद्याने अधिकार ज्याला दिलाय, निर्णय त्यानेच स्वतः विचार करून घ्यायचा असतो. अंधेरीतल्या थिएटरची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली, ते रद्द करणं गोरधनदास भानजी खटल्यात सुप्रीम कोर्टाने टिकू दिलं नाही. साल १९५१! शिवाय आदेश त्यातल्या शब्दांवरूनच वाचायचा, साहेबांचे मागाहूनचे खुलासे चालणार नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

आपल्या नवी पेठेत ओळखीच्या एका टपरीवाल्याला नोटीस आली, तिच्यात कारण काय, तर ‘वरिष्ठांच्या सूचनेनुसार’. वकिलाने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून लेखी कारणं मागितली. अजून उत्तर नाही, टपरी मात्र चालू आहे.