टचस्क्रीनवर लिबइनपुट-जेस्चर्स ढिम्म हलत नाही

वाचनकट्टा (इंदूर):
मंडळी, तुकोगंजातल्या आमच्या मराठी वाचनालयात पुस्तकसूचीसाठी टचस्क्रीन लावतोय. रास्पबेरी पाय ४ (छोटा एकबोर्डी संगणक), २ जीबी, अधिकृत ७ इंची ८०० × ४८० स्क्रीन, बुकवर्म (त्याची लिनक्स आवृत्ती), लॅबडब्ल्यूसी (खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम), क्रोमियम ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर तेवढाच. दोनच गोष्टी हव्यात: खालच्या कडेवरून बोट वर नेलं की कीबोर्ड यावा, आणि तीन बोटं डावीकडे सरकवली की सूची पहिल्या पानावर. लिबइनपुट-जेस्चर्स (बोटांचे इशारे ओळखून कमांड चालवणारा प्रोग्रॅम) टाकलं, एरर नाही, पण होत काहीच नाही. वाचक बहुतेक सत्तरीपुढचे.

राजवाडा_टर्मिनल:
होणारही नाही. लिबइनपुट (लिनक्समध्ये माउस, टच वगैरे वाचणारा भाग) स्वाइप-पिंच ओळखतं ते फक्त टचपॅडवर. 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवून स्क्रीनवर बोट फिरवा: टच डाउन, टच मोशन, टच अप एवढंच दिसेल, जेस्चर स्वाइप कधीच नाही. टचएग या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमला टचस्क्रीन चालते, पण त्याला एक्स ११ ही जुनी डिस्प्ले पद्धत लागते. तुमचं लॅबडब्ल्यूसी वेलँड या नव्या पद्धतीवर आहे.

लिसजीडी वापरा. सी भाषेत लिहिलेला छोटासा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आहे, कच्चे टच इव्हेंट वाचून दिशा स्वतः काढतो. (कमांड इथे देवनागरीत आहे, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टाका.)

लिसजीडी -डी /डेव्ह/इनपुट/टचपॅनल -जी "१,डीयू,बी,*,आर,पीकिल -३४ डब्ल्यूव्हीकेबीडी" -जी "३,आरएल,*,*,आर,पीकिल क्रोमियम"

क्रम असा: किती बोटं, दिशा, कोणती कड, अंतर, बोट उचलल्यावर की आधीच, मग कमांड. ३४ हा सिग्नल डब्ल्यूव्हीकेबीडी हा स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडतो-मिटतो. क्रोमियम मारल्यावर पुन्हा उघडणारी लूप स्क्रिप्ट ठेवा, इनकॉग्निटोमध्ये. आधीच्या वाचकाचा शोधही पुसला जातो.

हे सगळं लॅबडब्ल्यूसीच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये घाला. सिस्टिम सर्व्हिस केलीत तर स्क्रीनची मापं आणि वेलँडचा पत्ता लिसजीडीला मिळणार नाही.

खिडकीबाहेर:
वरच्या कमांडमधलं 'टचपॅनल' हे नाव आपोआप मिळत नाही, बरं का. स्क्रीनच्या इव्हेंट फाइलचा नंबर रीबूटला बदलू शकतो, म्हणून यूडेव्ह (जोडलेल्या डिव्हाइसना नावं-परवानग्या देणारा भाग) नियमात डिव्हाइसच्या नावावरून सिमलिंक, म्हणजे कायमचं दुसरं नाव, करा. त्याच नियमात यूॲक्सेस टॅग (लॉग-इन असलेल्या युजरला ते डिव्हाइस वाचू देणारा) जोडा आणि फाइलचं नाव ७३ च्या आतल्या आकड्याने सुरू करा, नाहीतर टॅग लागू होत नाही. किऑस्कच्या युजरला इनपुट ग्रुपमध्ये टाकणं सोपं, पण मग तो मशीनवरची प्रत्येक की वाचू शकतो. सार्वजनिक जागी नकोच.

आणखी एक: लिसजीडी टच अडवून धरत नाही, तेच बोट क्रोमियमलाही दिसतं. आडव्या स्वाइपने ब्राउझर मागच्या पानावर जातो, तेव्हा क्रोमियमच्या कमांडमध्ये ओव्हरस्क्रोल-हिस्टरी-नेव्हिगेशन शून्य करा.

वाचनकट्टा (इंदूर):
चाललं, आभार! पण आजोबांनी बोट फिरवलं तर दहात दोनदाच कीबोर्ड येतो. आणि मधूनच स्क्रीनवर आपोआप टच पडतात.

राजवाडा_टर्मिनल:
तीन कारणं संभवतात. एक, वेळ: हालचाल ८०० मिलिसेकंदांत संपली नाही तर लिसजीडी ती सोडून देतो. -एम १८०० द्या. दोन, तिरपेपणा: सरळ रेषेपासून १५ अंशांपर्यंतच चालतं, अंगठ्याने ओढलं की रेष हमखास कलते. -आर २५ पुरे. ४५ कमाल आहे, पण तिथे तिरपे इशारे सरळ इशाऱ्यांत मिसळतात.

तिसरं सहसा सुताराच्या माथी. कड म्हणजे शेवटचे ५० पिक्सेल, या स्क्रीनवर जेमतेम ९ मिलिमीटर. लाकडी चौकट काचेपेक्षा ३ मिलिमीटर जरी वर असली तरी जाड बोटाचा मध्य त्या पट्टीत टेकतच नाही. लिसजीडीच्या कॉन्फिग.एच फाइलमध्ये खालच्या कडेचं माप ९० करून पुन्हा मेक करा.

खिडकीबाहेर:
भुताटकीचा टच लिनक्समुळे नसतो, भिया. स्वस्तातला दोन पिनांचा ॲडॉप्टर असला की त्याचा गोंगाट कपॅसिटिव्ह काचेत उतरतो, बोट टेकल्यावर तर जास्तच. आधी पॉवरबँकेवर चालवून बघा. टच थांबले तर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर घ्या, आणि रास्पबेरी पायचा ग्राउंड सॉकेटच्या अर्थिंगला जोडा. अर्थिंग खरंच आहे का ते मल्टिमीटरने बघा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे जवळपास सारखेच व्होल्ट यायला हवेत. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.