बाग म्हणजे नुसता वॉकिंग ट्रॅक?
बागेत लोक फक्त चालायला जातात, ओळखी काही होत नाहीत, असं बरेच जण म्हणतात, ते आमच्या बडोद्याला तरी लागू नाही. कमाटीबाग (कागदोपत्री सयाजीबाग, सयाजीरावांनी १८७९ साली केलेली) विश्वामित्री नदीच्या काठावर, आत म्युझियम, झू, त्यामुळे घरातले सगळे एकत्र निघतात. आईची भिशी तिथेच बाकावर भरते, मराठी-गुजराती मिक्स, मागे एका बेनने डब्याच्या झाकणावर मोदकाची पारी वळायला शिकून घेतली आणि आता गणपतीला तिच्याच घरून आमच्याकडे मोदक येतात, कळ्या आईपेक्षा बऱ्या पडतात (आईला सांगू नका). सोसायटीत मात्र समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते अजून माहीत नाही.