मदत हवी आहे: घरात फास्ट फूड नक्की किती वेळा खाल्लं जातं, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.१ आलं. वय ४४. वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे आकडा बघून पोटात गोळा आला. आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भरायला एक फॉर्म दिला. त्यात प्रश्न होता: फास्ट फूड किती वेळा खाता? रोज, आठवड्यातून, महिन्यातून की क्वचित? मी अगदी मनापासून 'महिन्यातून २-३ वेळा' असं लिहिलं. बायको शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, आठवड्यातून लिहा." घरी आल्यावर मुलाला विचारलं (नववीत आहे), तर तो म्हणाला, "बाबा, परवाच तर मागवलं होतं." आई म्हणाली, "आपण कुठे हॉटेलात जातो?"

एका घरातली चार माणसं आणि चार उत्तरं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, म्हणूनच मला जास्त काळजी वाटली.

मग तीन रविवार बसून मोबाइलवरचा हिशेब काढला. खाणं मागवायच्या अ‍ॅपवरच्या जुन्या ऑर्डरी आणि साखळी दुकानांत यूपीआयने दिलेले पैसे, असं सगळं वहीत वर्षवार मांडलं:

२०१९ - २६ वेळा
२०२० - ९ (लॉकडाऊन)
२०२१ - ४१
२०२२ - ६४
२०२३ - ७९
२०२४ - ९६

९६ म्हणजे महिन्याला आठ. मी लिहिलं होतं दोन-तीन. शिवाय यात रोख पैशांचं काहीच धरलेलं नाही. डोंबिवली स्टेशनबाहेरचा वडापाव नाही, ऑफिसखालची फ्रँकी नाही.

मला वाटतं, माझ्या डोक्यात 'बाहेर खाणं' म्हणजे अजून लहानपणीचंच आहे. तेव्हा आम्ही वर्षातून चार-पाच वेळा हॉटेलात जायचो, तेही ठरवून, इस्त्रीचे कपडे घालून. १९९६ मध्ये वांद्र्याला लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वर्गातला एकच मुलगा तिथे जाऊन आला होता आणि आठवडाभर आम्ही त्याला त्याबद्दलच विचारत होतो. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो दहावीच्या निकालानंतर, बाबांबरोबर. बाबांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, मी खाताना बघत बसले होते. ते खाणं मला आजही आठवतं. पण गेल्या गुरुवारी काय मागवलं होतं ते आठवत नाही, आणि अडचण बहुतेक इथेच आहे. सण असतो तेव्हा लक्षात राहतं. मंगळवारी रात्री नऊला दारात आलेलं खोकं लक्षात राहत नाही.

तर मला मदत हवी आहे ती अशी.

मोजायचं काय? आईच्या मते घरी मागवलेलं म्हणजे 'बाहेर खाणं' नव्हे, कारण आपण घरीच बसून जेवतो. मुलगा म्हणतो वडापाव फास्ट फूड नाही, तो नाश्ता आहे. मग उडप्याकडचा डोसा? आणि आमच्या गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या पोळ्या? त्यासुद्धा बाहेरच्याच ना?

दुसरं, पुढे वर्षभर नोंद ठेवायची तर कशी, म्हणजे दोन आठवड्यांत कंटाळा येणार नाही?

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कुणी हा आकडा खरोखर खाली आणला आहे का, घरात कटकट न होता? मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या ताटावर पहारा ठेवणारा बाप मला व्हायचं नाही.

- लोकलमधला_माणूस

---

दोन_वाटी_आमटी:

पहिल्यांदा, ६.१ वर घाबरू नका. माझं ६.३ होतं. वेळेत कळलंय ही चांगली गोष्ट आहे. पुढच्या तपासणीची तारीख मात्र आजच डॉक्टरांकडून घेऊन ठेवा, आपण पुढे ढकलत राहतो.

वडापाव धराच. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं मानतात. उभ्याउभ्या, दोन मिनिटांत, गाडी पकडता पकडता खायचं अन्न. फास्ट फूड यापेक्षा वेगळं काय असतं? मॅकडोनाल्ड्स आपल्याकडे आलं त्याच्या तीस वर्षं आधीपासून आपण ते खातोय. पोळीभाजी केंद्र मात्र धरू नका. ते दुसऱ्याच्या हातचं घरचं जेवण आहे.

---

पाहणीवाली:

मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन खर्चाच्या पाहण्या करण्याचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या घरात चार उत्तरं आली हे अगदी नेहमीचं आहे. 'साधारण किती वेळा' असं विचारलं की माणूस मोजत नाही, स्वतःबद्दलची समजूत सांगतो. म्हणून कालावधी लहान घ्यायचा असतो. केंद्र सरकारच्या कुटुंब खर्च पाहणीत धान्य, डाळी, साखर यांच्यासाठी मागच्या ३० दिवसांचा हिशेब विचारतात, पण भाज्या, फळं, अंडी, मांस आणि पेयं-तयार खाद्यपदार्थ यांच्यासाठी मागच्या ७ दिवसांचाच. महिन्यापूर्वी आणलेली तांदळाची गोणी आठवते. महिन्यापूर्वी खाल्लेला समोसा आठवत नाही.

त्याच पाहणीतला एक आकडा तुमच्या वहीशी जुळतो. शहरी घराच्या महिन्याच्या एकूण खर्चात पेयं आणि तयार पदार्थांचा वाटा १९९९-२००० मध्ये ६.३५ टक्के होता, २०२२-२३ मध्ये १०.६४ टक्के. खेड्यांत तो ४.१९ वरून ९.६२ वर गेला. यात चहा, बिस्किटं, फरसाण, विकत आणलेलं जेवण असं सगळंच येतं, निव्वळ फास्ट फूड नाही. पण दिशा कळते. तुमचं घर काही जगावेगळं नाही.

आता नोंदीबद्दल. दर रविवारी रात्री, एकाच ठरलेल्या वेळी, चौघांनी बसून फक्त मागच्या सात दिवसांचं आठवायचं. प्रत्येकाचं वेगळं. 'आपण' नाही, 'मी'. कारण तुम्ही ऑफिसखाली खाल्लेली फ्रँकी तुमच्या बायकोला माहीत नसते. आणि व्याख्येवर वाद घालत बसू नका. जे धराल ते वर्षभर तसंच धरा. मधेच व्याख्या बदलली की पहिल्या महिन्याची शेवटच्या महिन्याशी तुलना होत नाही.

---

शिकागोकर:

पाहणीवाली ताईंशी सहमत. एक भर घालतो, कारण इकडे अमेरिकेत याच प्रश्नावर फार जुना अभ्यास झालेला आहे.

'कार्डिया' नावाचा एक मोठा अभ्यास १९८५-८६ मध्ये सुरू झाला. बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांतली १८ ते ३० वयाची माणसं त्यात घेतली. त्यांना फास्ट फूडबद्दल विचारताना थेट दुकानांची नावं घेऊन विचारलं होतं: अमुक-तमुक अशा ठिकाणी आठवड्यातून किंवा महिन्यातून किती वेळा नाश्ता, जेवण करता? नाव घेतलं की आठवतं. तुम्हीही घरात 'फास्ट फूड' हा शब्दच वापरू नका. तुमच्या भागातल्या आठ-दहा दुकानांची आणि गाड्यांची नावं लिहा आणि एकेक विचारा.

त्यातल्या ३,०३१ जणांची १५ वर्षांची माहिती २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सुरुवातीलाही आणि शेवटीही आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा खाणाऱ्यांचं वजन, आठवड्यातून एकदापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार किलो जास्त वाढलं होतं आणि इन्सुलिनला शरीराचा विरोध दुप्पट वाढला होता. तुमची ९६ ही संख्या आठवड्याला दोनच्या अगदी जवळ जाते, वडापाव न धरता. घाबरवायला लिहीत नाही. आत्ता हात घालण्यात अर्थ आहे, एवढंच.

अजून एक. हा गरिबीचा किंवा अडाणीपणाचा प्रश्न आहे असं पूर्वी मलाही वाटायचं. इथल्या २०१३-१६ च्या सरकारी आकड्यांत, कुठल्याही एका दिवशी ३६.६ टक्के प्रौढांनी फास्ट फूड खाल्लेलं होतं. कमी उत्पन्न गटात हे प्रमाण ३१.७ टक्के, तर जास्त उत्पन्न गटात ४२ टक्के. पैसा आहे पण वेळ नाही, अशा घरात ते जास्त शिरतं. माझ्या घरातही तेच झालं होतं. आम्ही दोघं नोकरीला आणि जुळी मुलं.

---

सांजवात:

मी काही तज्ज्ञ नाही, नाशिकला दोन मुलांची आई आहे. दादा, तुमच्याकडे तारखा आहेत ना? मग त्या वर्षाप्रमाणे न लावता वारांप्रमाणे आणि वेळेप्रमाणे लावून बघा. आमच्याकडे मी असं केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त ऑर्डरी शुक्रवारच्या निघाल्या. शुक्रवारी आमच्या स्वयंपाकाच्या मावशी येत नाहीत. मुलांना बर्गरचं वेड आहे म्हणून मी वर्षभर त्यांना बोलत होते. खरं कारण मावशींची सुट्टी होती.

आणि मुलाला वही लिहायला द्या. बाप विचारतो तेव्हा चौकशी वाटते. स्वतः लिहितो तेव्हा त्याचंच काम होतं.

---

लोकलमधला_माणूस (धागाकर्ता):

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण सांजवात ताईंनी सांगितलं तसं करून बघत होतो.

२०२४ च्या ९६ ऑर्डरी मुलाने वारांप्रमाणे लावल्या. शनिवार-रविवारच्या ३१. बाकी ६५ कामाच्या दिवशीच्या, आणि त्यातल्या ४७ नुसत्या मंगळवारी आणि गुरुवारी, रात्री साडेआठ ते साडेनऊच्या मधल्या. मंगळवार-गुरुवार त्याचा क्लास असतो, सुटतो सव्वाआठला. तो भुकेने कासावीस होऊन घरी येतो आणि आम्ही दोघं त्या वेळी ठाणे-दिव्याच्या मधे कुठेतरी गाडीत उभे असतो. गाडीतूनच त्याला विचारतो, "काय मागवू?" म्हणजे मागवणारा मीच. दरवेळी मीच.

दुसरी गोष्ट त्याच्याच लक्षात आली. त्याने २०२१ चे ४१ महिन्यांप्रमाणे मांडले. जुलैपर्यंत ११, ऑगस्टपासून ३०. मला म्हणाला, "बाबा, ऑगस्टमध्ये आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

त्याआधी संध्याकाळचा स्वयंपाक आई करायची. आम्ही आलो की गरम पोळी ताटात पडायची. ऑपरेशननंतर तिला ओट्यापाशी फार वेळ उभं राहता येईना. घरात कुणी ते बोलून दाखवलं नाही, तिनेही नाही. तिची जागा कुणी घ्यायची याचा आम्ही विचारच केला नाही, आणि न ठरवता ती जागा त्या अ‍ॅपने घेतली. मी तीन रविवार आकडे मांडत होतो, पण हे मला दिसलं नव्हतं. तो कागद आईला दाखवावा की नाही असं वाटत होतं, तिला वाईट वाटेल म्हणून. शेवटी मुलानेच दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बसून करता येईल असं सांगा, मी करते."

आता ठरवलंय ते असं. मंगळवारी पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणि एक भाजी, मुलगा क्लासवरून येतानाच घेऊन येईल. गुरुवारी थालीपीठ. आई खुर्चीत बसून भाजणी भिजवणार आणि थापून देणार, मुलगा तव्यावर टाकून भाजणार. मागच्या गुरुवारी पहिल्यांदा केलं. दोन करपली, चार छान झाली. आम्ही पोचलो तेव्हा दोघं स्वयंपाकघरात गप्पा मारत बसले होते, बऱ्याच दिवसांनी.

शनिवार-रविवारला हात लावलेला नाही. महिन्यातून दोनदा चौघांनी बाहेर जायचं ते जायचंच, तेही घरी न मागवता, तिथे बसून. वडापाव मोजणीत धरलाय, माझ्या नावावर. पहिल्या रविवारच्या नोंदीत माझे चार निघाले. घरात सगळ्यात जास्त माझेच. त्याचं काय करायचं ते अजून कळत नाही. सहा वाजता ऑफिसमधून निघाल्यावर पावणेनऊपर्यंत पोटात काहीतरी लागतंच. डब्यातून काय नेता येईल, जे गर्दीत उभ्याने एका हाताने खाता येईल आणि ज्याचा शेजाऱ्याला वास येणार नाही? चणे-शेंगदाणे सोडून सांगा, ते चालू केले आहेत.

आणि भाजणीबद्दल एक. आदल्या रात्री कांदा न घालता भिजवून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत नीट राहते का? आई म्हणते आंबते, बायको म्हणते काही होत नाही. उद्या बुधवार आहे, रात्रीपर्यंत कुणी सांगितलं तर बरं होईल.