मदत हवी आहे: घोटा मुरगळलाय, धावणं पुन्हा कधी सुरू करू?

नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी १६०० मीटर, संध्याकाळी उड्या आणि शंभरचे स्प्रिंट, तेही डांबरीवर, कारण आमच्या मैदानाचा पावसात नुसता चिखल झालाय. त्यात उजवा पाय आत वळला. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. डॉक्टर म्हणाले, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट थोडं फाटलंय.

सूज उतरलीय, सपाटीवर चालताना त्रास नाही. पण जिना उतरताना घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली कळ येते, आणि त्या एका पायावर डोळे मिटून उभा राहिलो की लगेच तोल जातो. फिजिओने दिलेले व्यायाम, म्हणजे रबरी पट्टा ओढणं आणि टाचा उचलणं, चालू आहेत. घरचे घोटा चोळून घे म्हणून मागे लागलेत, ते मी टाळतोय.

ज्यांनी यातून सावरून भरतीची मैदानी चाचणी दिलीय त्यांनी सांगा: धावायच्या आधी काय काय जमायला हवं? एका पायावर उड्या विनादुखणं मारता येईपर्यंत थांबायचं का? सरावाला टेप बरी की ब्रेस? १६०० ला २० गुण आहेत हो, सोडवत नाहीत. आणि गोळाफेकीत उजव्या पायावरच वळतो मी. तोवर जागेवरून उभ्याउभ्या फेकलं तर चालेल का?