दिल्लीच्या युद्धस्मारकात अपशिंग्याचे जुने शिपाई का नाहीत?

कृष्णाकाठी: राष्ट्रीय युद्धस्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं. त्यातल्या त्यागचक्रात, म्हणजे नावांच्या गोलाकार भिंतींत, ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत हुद्दा, नाव, पलटण; पण सगळी 1947 नंतरची. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धाला गेलेले कित्येक परतलेच नाहीत, त्यांचं काय? त्यांचंही एक चक्र हवं.

माणदेशी_गडी: का म्हणून? ते साहेबाच्या साम्राज्यासाठी लढले. याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारनं साहेबाला सळो की पळो केलं. दोघांना एकाच पंगतीला बसवणार? आणि इंडिया गेटवर आहेत की नावं.

कृष्णाकाठी: आहेत, 13 हजारांवर. सगळी नाहीत. 103, 110, 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुत गावच्या वेढ्यात सापडल्या, एप्रिल 1916 मध्ये शरणागती झाली. तिकडच्या मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव, आपल्याकडच्या अधिकाऱ्यांचंही नाव, आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा! साहेबानं नाव दिलं नाही, आता आपण म्हणायचं ‘तू साहेबाचा’. मग तो कुणाचा?

चारभिंतीवरून: +१. माण-खटावात पाऊस नाही, घरात खाणारी तोंडं दहा. पोरगं पलटणीत गेलं ते पगारासाठी, पंचम जॉर्जच्या प्रेमापोटी नव्हे.

माणदेशी_गडी: पोटाचं मला नका सांगू, मी तिथलाच. प्रश्न हुकूम कुणाचा हा आहे. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारेही पगारी हिंदी शिपाईच होते.

कृष्णाकाठी: ते 1919. कुतला उपाशी मेलेल्यांच्या माथी ते कशाला मारता?

पोवईनाका: थोडं अवांतर. आपल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे अशोकचक्राचे मानकरी, पण पोलीस. पोलिसांचं राष्ट्रीय स्मारक वेगळं, चाणक्यपुरीत. त्यात कुणाला कमीपणा वाटला का? प्रत्येक स्मारकाची हद्द असते. ती पुसली की स्मारकाची नोंदवही होते.

चारभिंतीवरून: हद्द मान्य. पण पोलिसांना वेगळी जागा मिळाली, यांना कुठे मिळाली?

माणदेशी_गडी: मग साताऱ्यात करा, वर्गणी मी देतो. दिल्लीच्या चक्राला हात लावायचा नाही.

कृष्णाकाठी: वर्गणी राहू द्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्यांत नावं आहेत, पुष्कळांच्या बापाचं नाव आणि गावही. त्यातून सातारा जिल्हा वेगळा काढायला बसाल का?

माणदेशी_गडी: बसतो. मत तेच राहील.