स्वीडिश जोडशब्द: सांधा कुठे आणि आघात कुठे?

स्वीडनमधल्या योतेबोरीला (गोथेनबर्गला) येऊन वर्ष होत आलं, तरी लांबलचक स्वीडिश शब्द वाचताना अडखळते. काल एक शब्द मी 'बिल्द-रुल्ले' असा वाचला, तर समोरच्या बाईंना अर्थच लागेना. शब्द तोडायचा कुठे, जोर द्यायचा कशावर?

— ताई, तुमचाच शब्द घेऊ. तो 'बील-द्रुल्ले' आहे. 'बील' म्हणजे मोटार, 'द्रुल्ले' म्हणजे धांदरट माणूस. बेदरकार गाडी हाकणाऱ्याला तसं म्हणतात. तुम्ही तोडलात तसा वाचला तर 'चित्राची गुंडाळी' होते. दोन्हींचं लेखन अगदी एकच, पण 'बील'मधली ई दीर्घ आणि 'बिल्द'मधली ऱ्हस्व. स्वीडिशमध्ये आघात पडतो तिथे एक तर स्वर लांबतो, नाही तर त्याच्या पुढचं व्यंजन. 'ग्लास-स्कोल' म्हणजे काचेचा वाडगा आणि 'ग्लस्स-कोल' म्हणजे आइस्क्रीम-कोबी, हेही लिहायला सारखेच. ऱ्हस्व-दीर्घ नीट ऐकू आलं की सांधा आपोआप सापडतो.

आघाताचं म्हणाल तर पहिल्या घटकावर मुख्य, शेवटच्यावर दुय्यम, मधले दबतात. पण 'पहिल्या घटकावर' म्हणजे 'पहिल्या अक्षरावर' नव्हे, इथेच बहुतेक जण फसतात. भांडवली नफ्यावरील करआकारणीसाठीचा, रोमन लिपीत 28 अक्षरं लागणारा शब्द घ्या: 'रेआलिसाशून्स-विन्स्त-बेस्कात्निंग'. मुख्य आघात 'शून'वर, कारण सुटा 'रेआलिसाशून'ही तिथेच जोर घेतो. दुय्यम आघात 'स्कात'वर. मधला 'विन्स्त' (नफा) पटकन उरकायचा.

— त्या 'शून्स'मधला शेवटचा 'स' कशाचा?

— जोडणीचा. या शब्दात तो नुसता जोडतो, पण तीन घटक असले की असा 'स' बऱ्याचदा मुख्य सांधा दाखवतो. 'बार्न' मूल, 'बूक' पुस्तक. 'बार्न-बूकक्लुब्ब' म्हणजे मुलांचं पुस्तकमंडळ. 'बार्नबूक्स-क्लुब्ब' म्हणजे बालपुस्तकांचं मंडळ. एका 'स'ने समासाचा विग्रहच बदलतो! मला स्वीडिशमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

— आणि शब्द सुटे लिहू नका. 'शूकशोतेश्का' एकत्र म्हणजे परिचारिका. 'शूक' (आजारी) वेगळा लिहिलात की आजारी परिचारिका होते, आणि बोलतानाही दोन्ही शब्द आपापला पूर्ण आघात घेतात.

— मराठीत आघाताने अर्थ फारसा बदलत नाही, पण सांधा आपल्यालाही ऐकू येतो. 'जनगणना' आपण 'जन्‌-गणना' म्हणतो, 'ज-नग्‌-णना' नाही. 'न'मधला अ गळतो तो घटक तिथे संपतो म्हणून.

— हे लक्षात आलं नव्हतं. उद्या त्याच बाईंना 'बील-द्रुल्ले' म्हणून दाखवते, ई चांगली लांबवून.